रिॲनन गिडन्स आणि बँजोची पुसलेली वंशावळ

१९२० मध्ये मेमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेची ‘क्रेझी ब्लूज’ ही ध्वनिमुद्रिका अमेरिकेत कोणाच्या ध्यानीमनी नसताना धडाक्याने खपली, आणि तीनच वर्षांनी जॉर्जिया राज्यातील फिडलिन जॉन कार्सन या गौरवर्णीय खेडवळ वादकाच्या तबकडीलाही तसेच गिऱ्हाईक मिळाले. या दोन घटनांवरून ध्वनिमुद्रण कंपन्यांनी जो धंदेवाईक धडा घेतला, त्याचे परिणाम अमेरिकी संगीत आजतागायत भोगत आहे. कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी ‘रेस रेकॉर्ड्स’ आणि ग्रामीण गोऱ्या ग्राहकांसाठी ‘हिलबिली’ अशा दोन वेगळ्या याद्या कंपन्यांनी काढल्या. पहिल्या यादीतून पुढे ब्लूज आणि ‘रिदम अँड ब्लूज’ यांची बाजारपेठ उभी राहिली, तर दुसरीतून कंट्री संगीताची. दक्षिणेकडील खेड्यापाड्यांत त्या काळी काळे आणि गोरे वादक एकमेकांच्या चाली उचलत होते, तीच नृत्यगीते वाजवत होते आणि पुष्कळदा एकाच जमावासाठी वाजवत होते. परंतु फिडल (म्हणजे व्हायोलिन) आणि बँजो घेऊन गोऱ्यांच्याच मानल्या गेलेल्या चाली वाजवणारा कृष्णवर्णीय वादक कोणत्या यादीत बसवायचा, हे कंपन्यांना उमगेना, म्हणून असे वादक बहुतांशी ध्वनिमुद्रित झालेच नाहीत. जे ध्वनिमुद्रित झाले नाही ते पन्नास-साठ वर्षांत विस्मरणात गेले, आणि जे विस्मरणात गेले ते कधी नव्हतेच असे मानले जाऊ लागले.

रिॲनन गिडन्स या गायिका, वादक आणि संगीतकार यांची कारकीर्द या पार्श्वभूमीवर ठेवल्याखेरीज नीट कळत नाही. ऑपेरा, ब्लूज, कंट्री, स्कॉटलंड-आयर्लंडची गेलिक गीते, गॉस्पेल म्हणजे चर्चमधील भक्तिगीते, आणि बँजोवरील जुनी नृत्यसंगीताची परंपरा इतके सगळे त्यांच्या संगीतात आढळत असल्यामुळे ‘संगीतप्रकारांचे मिश्रण करणाऱ्या कलावंत’ अशी त्यांची ओळख करून दिली जाते. ही ओळख चुकीची नसली तरी अपुरी आहे. मिश्रण म्हटले की मुळात वेगळ्या असलेल्या गोष्टी कोणीतरी एकत्र आणल्या असे सूचित होते. गिडन्स यांच्या कामाचा गाभा याच्या नेमका उलट आहे, कारण जे एकत्र होते आणि बाजाराने वेगळे केले, ते पुन्हा जुळवण्याचा उद्योग त्या वीस वर्षांहून अधिक काळ चिकाटीने करीत आल्या आहेत.

गिडन्स यांचा जन्म २१ फेब्रुवारी १९७७ रोजी उत्तर कॅरोलायना राज्यातील ग्रीन्सबरो येथे झाला. १९६० च्या फेब्रुवारीत चार कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी वूलवर्थ या दुकानातील गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या उपाहारकक्षात ठिय्या देऊन नागरी हक्कांच्या लढ्याला नवे वळण दिले, ते हेच शहर. गिडन्स यांचे वडील गौरवर्णीय आणि आई कृष्णवर्णीय. असा विवाह उत्तर कॅरोलायनासह सोळा राज्यांत कायद्याने निषिद्ध होता, आणि ‘लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया’ या गाजलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो निर्बंध १९६७ मध्ये रद्द केला, म्हणजे गिडन्स यांच्या जन्माच्या अवघी दहा वर्षे आधी. बालपणी त्यांच्या कानावर पडलेले संगीत पाहिले तर याद्यांची विभागणी घराच्या उंबऱ्यापाशी किती सहज कोलमडते हे दिसते: वडिलांकडच्या एका काकांचा ब्लूग्रास वाद्यवृंद होता हे अपेक्षितच, परंतु आईकडची कृष्णवर्णीय आजीही ‘ही हॉ’ हा दूरचित्रवाणीवरील कंट्री संगीताचा कार्यक्रम आवडीने पाहत असे. (ब्लूग्रास म्हणजे १९४० च्या दशकात घडलेली, बँजो, मँडोलिन, फिडल आणि गिटार यांवर अतिशय वेगाने वाजवली जाणारी कंट्री संगीताची एक शाखा.)

ओहायो राज्यातील ओबर्लिन या नामांकित संगीत विद्यालयात त्यांनी ऑपेराचे रीतसर शिक्षण घेतले आणि २००० मध्ये सोप्रानो, म्हणजे स्त्रीकंठाच्या सर्वांत उंच पट्टीतील गायिका, म्हणून त्या तेथून बाहेर पडल्या. या शिक्षणाचे महत्त्व कमी लेखता कामा नये. श्वासावरचा ताबा, शब्दांचे स्वच्छ उच्चारण आणि ध्वनिवर्धकावाचून मोठे सभागृह भरून टाकणारा आवाज ही त्यांच्या गायनाची लक्षणे तेथलीच आहेत, आणि लोकगीत गाताना ते शिक्षण लपवण्याचा प्रयत्न त्या करीत नाहीत. तरीही ऑपेराच्या रंगमंचावर न जाता त्या गावी परतल्या. ओबर्लिनमध्येच त्यांना कॉन्ट्रा नृत्याची गोडी लागली होती. या नृत्यात जोड्या समोरासमोर रांगांत उभ्या राहतात, फिडल आणि बँजो वाजत असतात आणि पुकारा करणारी व्यक्ती पुढची हालचाल कोणती ते ओरडून सांगते. त्या नृत्यांमधून बँजो ऐकता ऐकता आपणही हे वाद्य शिकावे असे त्यांच्या मनाने घेतले. पण तेथे त्यांच्याखेरीज कृष्णवर्णीय माणूस क्वचितच दिसे, आणि आपण परक्यांच्या परंपरेत शिरत आहोत या भावनेने त्या काही काळ संकोचल्या होत्या.

येथे बँजोविषयी थोडे थांबून सांगायला हवे. महाराष्ट्रात गणपतीच्या मिरवणुकीत जो ‘बेंजो’ वाजतो ते कळा दाबून वाजवायचे निराळेच वाद्य आहे. अमेरिकी बँजो हे गोल खोक्यावर कातडे ताणून आणि त्याला लांब दांडी जोडून केलेले तंतुवाद्य आहे. त्याचे मूळ पश्चिम आफ्रिकेत असून सेनेगल-गांबिया भागातील जोला लोकांचे ‘अकोंटिंग’ हे त्याच्या नात्यातील वाद्यांपैकी एक मानले जाते: तंबोऱ्याला लागतो तसा वाळवलेला भोपळा, त्यावर चामडे, काठीची दांडी आणि तारा, त्यांतली एक तार आखूड आणि अंगठ्याने सतत छेडली जाणारी. गुलाम म्हणून जहाजांतून नेलेल्या माणसांनी कॅरिबियन बेटांवर आणि उत्तर अमेरिकेत असे वाद्य नव्याने घडवले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बँजो म्हणजे काळ्यांचे वाद्य हे समीकरण सर्वमान्य होते. पुढे गोऱ्या नटांनी तोंडाला काजळी फासून काळ्यांची हीन नक्कल करण्याचा ‘मिन्स्ट्रेल’ नावाचा करमणुकीचा प्रकार काढला. १८४३ मध्ये ‘व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स’ या मंडळीने त्याला पूर्ण प्रयोगाचे रूप दिले आणि बँजो या खेळांतून देशभर पोहोचला. कारखान्यांत बँजो बनू लागले, शिकवणीची पुस्तके निघाली, आणि विसाव्या शतकात तर हे वाद्य डोंगराळ ॲपलाचियातील गोऱ्या माणसाचे प्रतीक होऊन बसले. मिन्स्ट्रेल खेळांतील अवमान इतका जिव्हारी लागणारा होता की त्याची आठवण जागवणाऱ्या वाद्यापासून पुष्कळ कृष्णवर्णीयांनी स्वतःहून अंतर राखले, हीही या इतिहासाची एक बाजू आहे.

एप्रिल २००५ मध्ये उत्तर कॅरोलायनातील बून या गावी, ॲपलाचियन राज्य विद्यापीठात, कृष्णवर्णीयांच्या बँजो परंपरेवर वादक आणि संशोधक यांचा एक मेळावा भरला. गिडन्स यांना तेथे डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन हे दोन तरुण समानधर्मी भेटले, आणि जो थॉम्पसन हे गुरूही. थॉम्पसन यांचा जन्म १९१८ चा. मेबेन गावाच्या परिसरात त्यांच्या घराण्यात फिडल आणि बँजो पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते, आणि चुलतभाऊ ओडेल यांच्या निधनानंतर त्या जोडवादनाची घरची धारा त्यांच्यापाशी येऊन थांबली होती. हे तिघे तरुण आठवड्याच्या आठवड्याला त्यांच्या घरी जाऊ लागले. तेथे स्वरलिपी नव्हती, पाठ नव्हते, चूक दाखवून देणेही फारसे नव्हते. थॉम्पसन आपल्या लयीत एक चाल वाजवायला घेत, ती पुन्हा पुन्हा फिरत राही आणि शिकणाऱ्याने तिच्यात शिरून आपली जागा शोधायची असे. बँजोवादकाला अशा वेळी सर्वांत कठीण जाते ते उजव्या हाताचे काम, कारण या जुन्या पद्धतीत नखाच्या पाठीने तारेवर खाली आघात करायचा असतो, त्याच क्षणी अंगठा आखूड पाचव्या तारेवर टेकलेला असावा लागतो आणि दोन आघातांच्या मधल्या फटीत त्याने ती तार सोडायची असते. फिडलच्या गजाचा हिसका आणि ही अंगठ्याची तार यांचा मेळ बसला की तालवाद्याशिवायही नाचणाऱ्याचे पाय आपोआप उचलले जातात. विद्यालयीन शिक्षणाने ही गोष्ट हाती लागली नसती. थॉम्पसन २०१२ मध्ये ९३ व्या वर्षी वारले, तोवर त्यांची विद्या तीन तरुण हातांत उतरली होती.

या तिघांनी ‘कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स’ हा वाद्यवृंद काढला. त्याचे नाव १९३० च्या दशकातील ‘टेनेसी चॉकलेट ड्रॉप्स’ या कृष्णवर्णीय वाद्यवृंदाला मान देणारे आहे. २०१० मधील त्यांच्या ‘जेन्युइन नीग्रो जिग’ या संग्रहाला पारंपरिक लोकसंगीताचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. जुन्या नृत्यचालींच्या पंक्तीत त्यांनी ब्लू कँट्रेल या गायिकेचे २००१ मधील ‘हिट ’एम अप स्टाइल’ हे लोकप्रिय गाणे फिडल आणि बँजोवर बसवून ठेवले, आणि ऐकणाऱ्याला ते जराही उपरे वाटत नाही. केवळ गंमत म्हणून केलेला हा प्रयोग नव्हता, असे त्या गाण्याच्या बांधणीवरून म्हणता येते. ‘रेस’ यादीचे वारसदार असलेले संगीत ‘हिलबिली’ वाद्यांवर इतके चपखल बसते, यातच त्या याद्यांचा कृत्रिमपणा उघड होतो.

एकल गायिका म्हणून त्यांचे नाव झाले ते सप्टेंबर २०१३ मध्ये, न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमधील एका मोठ्या लोकसंगीत मैफलीमुळे. निर्माते टी बोन बर्नेट यांनी योजलेल्या या मैफलीत त्यांनी ओडेटा यांच्या गायनामुळे प्रसिद्ध झालेले ‘वॉटरबॉय’ हे श्रमगीत गायले, आणि त्याच मैफलीत ‘पुर्श्त अ बेल’ या स्कॉटिश प्रकारातील गेलिक गीतेही गायली. या प्रकारात वाद्य उपलब्ध नसताना नृत्याची चाल तोंडानेच, शब्दांच्या ठेक्यावर, भरधाव गायली जाते. बर्नेट यांच्याच निर्मितीत २०१५ मध्ये ‘टुमारो इज माय टर्न’ हा त्यांचा पहिला एकल संग्रह निघाला. तो बहुतांशी पूर्वसुरींच्या, त्यातही स्त्रियांच्या, गाण्यांचा होता.

स्वतःची गाणी लिहिणारी गिडन्स खऱ्या अर्थाने समोर आली ती २०१७ च्या ‘फ्रीडम हायवे’ या संग्रहात, आणि त्यातील ‘ॲट द पर्चेसर्स ऑप्शन’ या गीतासाठी येथे थोडा अधिक वेळ द्यायला हवा. गुलामगिरीच्या काळातील एक छापील जाहिरात त्यांच्या वाचनात आली. एक तरुण गुलाम स्त्री विक्रीस आहे, एवढे सांगून जाहिरातदाराने पुढे नोंद केली होती की तिला नऊ महिन्यांचे मूल आहे आणि ते सोबत घ्यायचे की नाही हे खरेदीदाराच्या इच्छेवर आहे. या नोंदीत क्रौर्याचा एकही शब्द नाही. व्यवहाराची नेहमीची भाषा आहे, आणि तीच वाचणाऱ्याला हादरवून टाकते. गिडन्स यांनी जाहिरात देणाऱ्यावर गीत लिहिले नाही. त्यांनी त्या मातेला बोलते केले, आणि ज्या स्त्रीचे शरीर, श्रम आणि अपत्य दुसऱ्याच्या मालकीचे आहे तिच्यापाशी स्वतःचे म्हणून काय उरते, या प्रश्नाभोवती गीत उभे केले. या आणि अशा गीतांना साथ देण्यासाठी त्या १८५८ सालच्या बँजोची प्रतिकृती वाजवतात. त्या वाद्याच्या दांडीवर पडदे नसतात, त्यामुळे स्वर सरकत जाऊन लागतो, आणि आवाज ब्लूग्रासच्या खणखणीत बँजोपेक्षा खर्जाकडे झुकलेला, घोगरा येतो. मिन्स्ट्रेल खेळांच्या काळातील शिकवणीच्या पुस्तकांतून, उदाहरणार्थ १८५५ च्या ब्रिग्ज यांच्या पुस्तकातून, त्यांनी जुन्या चाली शोधून काढल्या आणि ज्या लोकांची टवाळी करण्यासाठी त्या वापरल्या गेल्या त्यांच्याच कथांना त्या जोडल्या. वाद्य आणि चाल यांच्याद्वारे इतका समर्पक सूड दुसऱ्या कोणी उगवलेला दिसत नाही.

२०१६ मध्ये बँजोवादनाचा स्टीव्ह मार्टिन पुरस्कार त्यांना मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत्या. २०१७ मध्ये मॅकआर्थर फाउंडेशनची मानाची पाठ्यवृत्ती मिळाली. त्याच वर्षी ब्लूग्रास वादकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेपुढे रॅले येथे केलेल्या बीजभाषणात, या संगीताच्या घडणीत कृष्णवर्णीयांचा वाटा किती आणि तो का सांगितला जात नाही, हे त्यांनी गोऱ्यांचेच बहुमत असलेल्या श्रोत्यांना सविस्तर सांगितले. २०१९ मध्ये ॲमिथिस्ट किया, लेला मॅकॅला आणि ॲलिसन रसेल या तीन बँजोवादक कृष्णवर्णीय स्त्रियांसह ‘साँग्ज ऑफ अवर नेटिव्ह डॉटर्स’ हा संग्रह आला. इटालियन वादक फ्रान्चेस्को तुरीसी यांच्याबरोबरच्या दोन संग्रहांमुळे वंशावळीचे आणखी एक टोक हाती आले: मिन्स्ट्रेल वाद्यवृंदातील खंजिरी भूमध्य समुद्राच्या काठावरील डफासारख्या चौकटवाद्यांची आप्त आहे, म्हणजे ‘अस्सल अमेरिकी’ म्हणून मिरवलेल्या वाद्यमेळात आफ्रिका, युरोप आणि अरब जग आधीपासूनच शेजारी बसलेले होते. करोनाच्या टाळेबंदीत डब्लिनजवळच्या एका शेतावरील लहानशा स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेला या जोडीचा ‘दे आर कॉलिंग मी होम’ हा संग्रह ग्रॅमी पुरस्काराचा मानकरी ठरला.

गिडन्स यांची सर्वांत मोठी रचना मात्र ‘ओमर’ हा ऑपेरा होय. ओमर इब्न सय्यद हे सेनेगल नदीच्या खोऱ्यातील फुता तोरो प्रदेशातील विद्वान मुसलमान. १८०७ मध्ये, म्हणजे अमेरिकेने गुलामांच्या आयातीवर बंदी आणण्याच्या आदल्या वर्षी, त्यांना चार्ल्सटन बंदरात आणून विकण्यात आले. क्रूर मालकाकडून पळून ते उत्तर कॅरोलायनातील फेएटव्हिल येथे पोहोचले, पकडले गेले, आणि तुरुंगाच्या भिंतींवर त्यांनी अरबीत मजकूर लिहिला तेव्हा हा माणूस लिहिता-वाचता आहे हे लोकांच्या लक्षात आले. १८३१ मध्ये त्यांनी अरबी भाषेत लहानसे आत्मचरित्र लिहिले. अमेरिकेत गुलामगिरीत असताना अरबीत लिहिलेले आणि आज उपलब्ध असलेले हे एकमेव आत्मचरित्र लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात आहे. त्याची सुरुवात कुराणातील ‘अल्-मुल्क’ या सूरेने होते, आणि सार्वभौम सत्ता, मालकी, ही केवळ ईश्वराची आहे असे त्या सूरेचे प्रतिपादन असल्यामुळे, ज्याला मालक आहे अशा माणसाने आपल्या जीवनकथेच्या आरंभी नेमकी हीच सूरा का लिहावी, याचा अर्थ अभ्यासकांना सहज लागतो. मालकाला अरबी येत नव्हते हेही येथे ध्यानात घ्यावे.

या ऑपेराची संहिता गिडन्स यांनी लिहिली आणि संगीत मायकेल एबल्स यांच्यासह रचले. गिडन्स आपल्या आवाजात आणि वाद्यावर चाली तयार करून पाठवीत आणि एबल्स त्यांना पूर्ण वाद्यवृंदाचे रूप देत. ज्या चार्ल्सटनमध्ये ओमर विकले गेले त्याच शहरात, स्पोलेटो महोत्सवात, महामारीमुळे लांबलेला पहिला प्रयोग मे २०२२ मध्ये झाला. २०२३ चे संगीताचे पुलित्झर पारितोषिक या कृतीला मिळाले. बावीस-तेवीस वर्षांपूर्वी ऑपेराकडे पाठ फिरवून बँजो शिकायला गेलेली विद्यार्थिनी अशा रीतीने ऑपेराकडे परतली, आणि परतताना लोकनृत्याची लय, भक्तिगीत आणि अजानची आठवण करून देणारे स्वर बरोबर घेऊन आली. तिच्या दोन शिक्षणांतील अंतर येथे पुरते मिटले, असे मानायला हरकत नाही.

२०२० पासून त्या ‘सिल्करोड’ या संस्थेच्या कलादिग्दर्शक आहेत. चेलोवादक यो-यो मा यांनी १९९८ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेच्या समूहात तबलावादक संदीप दास यांच्यासारखे अनेक देशांतील वादक आहेत. तिच्या ‘अमेरिकन रेलरोड’ या प्रकल्पात लोहमार्ग घालणारे चिनी, आयरिश आणि कृष्णवर्णीय मजूर, आणि ज्यांच्या जमिनी त्या मार्गाखाली गेल्या ते मूलनिवासी, यांचे संगीत एकत्र येते. उत्तर कॅरोलायनातील स्वानानोआ बोगदा खोदायला जुंपलेल्या, मुख्यतः कृष्णवर्णीय कैद्यांचे श्रमगीतही त्यात आहे. सर्वस्वी स्वतःच्या गीतांचा ‘यू आर द वन’ हा २०२३ चा संग्रह चकचकीत आणि आनंदी असला तरी त्यांच्या इतर कामाची खोली त्याला आलेली नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये बियॉन्से यांचे ‘टेक्सस होल्ड ’एम’ प्रसिद्ध झाले तेव्हा जगभरातील कोट्यवधी श्रोत्यांनी प्रथम ऐकला तो गिडन्स यांचा बँजो. हे गाणे बिलबोर्डच्या कंट्री गीतांच्या यादीत अग्रस्थानी पोहोचले, आणि तेथे पोहोचणाऱ्या बियॉन्से पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री ठरल्या. १९२० च्या दशकातील दोन याद्यांच्या संदर्भात पाहिले तर शंभर वर्षांनी घडलेली ही गोष्ट साधी नाही; परंतु एका लखलखत्या गाण्याने तुटलेली परंपरा सांधली जात नाही, हे गिडन्स यांच्या पुढच्या कामावरून दिसते. २०२५ मध्ये त्यांनी जुने सोबती जस्टिन रॉबिन्सन यांच्यासह केवळ फिडल आणि बँजोचा संग्रह काढला. त्याचे ध्वनिमुद्रण स्टुडिओत न होता उत्तर कॅरोलायनात उघड्यावर, जो थॉम्पसन यांच्या घरासारख्या ठिकाणी झाले, आणि झाडांवरच्या किड्यांची किरकिर त्यात स्पष्ट ऐकू येते.

या सगळ्या काळात एक शल्य मात्र त्यांनी वारंवार बोलून दाखवले आहे: कृष्णवर्णीयांचा हा वारसा ऐकायला त्यांच्या मैफलींना येतात ते प्रामुख्याने गोरे श्रोते. न्यूयॉर्क राज्यातील सिंग सिंग तुरुंगात जाऊन त्यांनी केलेल्या कार्यक्रमामागेही, ज्यांची ही गाणी आहेत त्यांच्यापर्यंत ती नेण्याची ही तळमळ होती. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी डरॅम शहरात ‘बिस्किट्स अँड बँजोज’ हा महोत्सव भरवला, त्यात कृष्णवर्णीय तंतुवादकांना आणि नृत्यात पुकारा करणाऱ्यांना अग्रभागी आणले, आणि तेथे ‘कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स’चे वादकही अनेक वर्षांनी एका मंचावर आले. जो थॉम्पसन यांच्या मेबेनपासून डरॅम फार दूर नाही.